जोराला वाट दे

चिंचवड, पुणे

चि. ओंकार यास,


कॉव्हेंट्रीहून पाठवलेले चॅसिसचे फोटो मिळाले. मोठे करून एकेक सांधा बघितला. पाइप नेटके कापले आहेत, सांध्यांत फट नाही, जिगवर चौकट गुण्यात बसली आहे. हात बसलाय तुझा, आनंद वाटला. ब्रॅकेटना अजून नुसते टॅक मारले आहेत, हे फार बरं केलंस. कारण तुझा प्रश्न नेमका त्यांच्याविषयी आहे: प्रत्येक ब्रॅकेटखाली ६ मिमीची पट्टी मारली, की सस्पेन्शन पक्कं होईल ना?

नाही होणार. का ते सविस्तर लिहितो.

तू बांधतोयस त्या जातीच्या गाडीचा मूळपुरुष म्हणजे कॉलिन चॅपमन यांची १९५७ सालची लोटस सेव्हन. साधारण ५०० किलोची गाडी, बारीक पाइपांची चौकट आणि वर पत्रा. १९७३ पासून कॅटरहॅम ही कंपनी ती बनवू लागली. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधण्याचं पुस्तक लिहिलं आणि घरोघरच्या गॅरेजांत अशा गाड्या उभ्या राहू लागल्या. २५ मिमीचा चौकोनी पाइप, त्याची भिंत फक्त १.६ मिमी. एवढ्या पातळ पाइपाची चौकट टिकते, कारण तिच्यातला प्रत्येक पाइप शक्यतो नुसता ओढला किंवा दाबला जातो, वाकवला जात नाही. हा नियम ज्या जागी मोडतो, तिथे चौकट दुबळी होते. आणि तो सर्वांत सहज मोडतो सस्पेन्शनच्या ब्रॅकेटपाशी.

तिथे किती जोर येतो, हे तुझ्याच मापांवरून काढून बघ. तुला धरून गाडी ६८० किलो, म्हणजे उभ्या गाडीत एका चाकावर १७० किलो. जोरात ब्रेक दाबलास की सुमारे ७० टक्के काम पुढची दोन चाकं करतात. ब्रेकचा एकूण जोर गाडीच्या वजनाएवढा धरला, तर पुढच्या एका चाकाला मागे खेचणारा जोर झाला २४० किलोच्या आसपास. पण हा जोर टायरच्या तळाशी, जमिनीवर लागतो. तुझा खालचा बॉल जॉइंट जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर आणि वरचा ४० वर. त्यामुळे खालच्या विशबोनला २४० नव्हे, ३८० किलो सोसावे लागतात आणि वरच्याला उलट दिशेने १४०. तुझा खालचा विशबोन ३५ सेंटिमीटर लांब आहे, पण चॅसिसवरचे त्याचे दोन बोल्ट एकमेकांपासून २५ सेंटिमीटरवरच आहेत. म्हणून एक ब्रॅकेट सुमारे ५४० किलोने बाहेर ओढलं जातं आणि दुसरं तेवढ्याच जोराने आत दाबलं जातं. प्रत्येक ब्रेकला. ते दोन बोल्ट जितके लांब नेशील तितका हा जोर कमी होईल, आणि त्याला पट्टी लागत नाही.

शॉकअब्सॉर्बरचं गणित आणखी कडक आहे. खड्ड्यात चाक आदळलं की तिप्पट भार धरावा, म्हणजे ५१० किलो. तुझा शॉकअब्सॉर्बर विशबोनच्या दोन-तृतीयांश लांबीवर टेकलाय, म्हणून त्याच्यातला जोर दीडपट, ७६५ किलो. तो तिरका असल्याने त्याहूनही जास्त. अख्ख्या गाडीच्या वजनापेक्षा मोठा भार क्षणभर एका वरच्या ब्रॅकेटवर येतो. तुझ्या फोटोत ते ब्रॅकेट आडव्या पाइपाच्या मधोमध आहे. इथेच माझा जीव अडकला.

मधोमध आलेला जोर पाइपाला वाकवतो आणि त्याची पातळ भिंत आत दाबतो. त्या पाइपावर ६ मिमीची पट्टी मारलीस तर पट्टी हलणार नाही, पण पट्टी जिथे संपते तिथे पाइप हलेल. जाड आणि पातळ यांच्या सीमेवर, वेल्डच्या काठाला, सगळा ताण गोळा होईल आणि चीर तिथून सुरू होईल. शिवाय जाड पट्टी आणि पातळ पाइप यांचं वेल्डिंग अवघड. पट्टीला पुरेल एवढं तापवलंस तर पाइप जळतो, आणि पाइप सांभाळलास तर वेल्ड पट्टीत मुरतच नाही.

जुन्या वाड्यातली तुळई खांबाच्या डोक्यावर टेकवतात, दोन खांबांच्या मधे लोंबत ठेवत नाहीत. ब्रॅकेटचंही तसंच कर. ते सरकवून सांध्यावर ने, जिथे तीन-चार पाइप एकत्र येतात. जागेअभावी सरकवता येत नसेल, तर ब्रॅकेटच्या मागून एक तिरपा पाइप काढून पलीकडच्या सांध्याला जोड. सव्वा किलोच्या पट्ट्यांपेक्षा पाव किलोचा तिरपा पाइप जास्त काम करेल. महाग मिश्र पोलादाच्या मागेही लागू नकोस. ते उशिरा तुटतं, पण लवचीकपणा सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच. ब्रॅकेट हललं की वळणात चाकाचा कोन बदलतो आणि स्टिअरिंग तुझं ऐकत नाही. हे हलणं थांबतं ते आकाराने आणि त्रिकोणाने.

आता ब्रॅकेटविषयी. ३ मिमीचा पत्रा पुरतो, पण कान दोन हवेत, बोल्टच्या दोन्ही बाजूंनी. एकाच कानावर लटकलेला बोल्ट वाकतो. वेल्ड करताना दोन्ही कानांतून एक फालतू बोल्ट आणि मधे स्पेसर घालून ठेव, म्हणजे भोकं एका रेषेत राहतील. बोल्ट पाइपातून आरपार जाणार असेल तर आत नळी घालून वेल्ड कर. नाहीतर नट आवळताना पाइप चेपेल. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा घे. जिथे कातर बसते तिथे त्याचा गुळगुळीत दांडा यायला हवा, आटे नाहीत. वर नायलॉक नट, खाली वायसर.

गसेट, म्हणजे कोपऱ्यातली त्रिकोणी पट्टी, घालायचाच तर त्याची टोकं निमुळती कर. पाइपाच्या आडवा सलग वेल्ड मारू नकोस, लांबीच्या दिशेने मार. मी ट्रकच्या चॅसिसवर काम शिकलो, तेव्हा पहिला धडा हाच होता: फ्लँजला भोक नाही, फ्लँजवर वेल्ड नाही. ताण सर्वांत जास्त असतो त्या कडेला हात लावायचा नाही. तुझ्या पाइपालाही हेच लागू. वेल्ड करण्याआधी रबरी बुश काढ, आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या जवळ लाव, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही.

सगळं वेल्ड झालं की लगेच पावडर कोटिंग करू नकोस. जाड थराखाली चीर लपते. आधी बंद मैदानात गाडी चालव, ब्रेक मार, वळव. मग ब्रॅकेट पुसून त्यांच्यावर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून बघ. केसाएवढी चीर लाल रेघ होऊन दिसते. रंग नंतर, आणि तोही फिकट. पहिल्या वर्षी ही तपासणी पुन्हा पुन्हा कर. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या तुमच्याकडच्या आयव्हीए चाचणीचा परीक्षक वेल्ड बाहेरून बघेल. आतलं तुला एकट्यालाच ठाऊक असणार, म्हणून पास झाल्याचा कागद पुरेसा समजू नकोस.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. १९६९ साली बार्सिलोनाच्या माँज्विक सर्किटवर लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच विंग एकाच शर्यतीत कोसळले. विंगचे बारीक खांब थेट सस्पेन्शनवर उभे होते. त्यांचे चालक ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट दोघेही आदळले आणि लगेच पुढच्या मोनॅको शर्यतीत उंच विंगवर बंदी आली. जगातले निवडक इंजिनियर तिथे होते. तरीही जोर कुठून येतो आणि कुठे जातो, या हिशेबात कमी पडलं की धातू कोणाची भीड ठेवत नाही.

म्हणून तुला एवढंच करायला सांगतो. एक कोरा कागद घे. प्रत्येक ब्रॅकेटवर येणाऱ्या जोराचा बाण काढ आणि तो कोणकोणत्या पाइपातून दुसऱ्या टोकापर्यंत जातो ते रेघेने दाखव. जिथे रेघ पाइपाच्या मधेच थांबेल, तिथला टॅक ग्राइंडरने तोड आणि ब्रॅकेट हलव. तो कागद मला पाठव. इंजिनाचं बोलणं त्यानंतर. ताकद पुढच्या वर्षीही वाढवता येईल, ब्रॅकेटची जागा मात्र आत्ताच ठरते. ताईला मी सांगितलंय की पोरगा घाई करणार नाही. तो शब्द राख.

तुझा,
मामा