म्हाइंभटांचा पराभव

सराळ्याचे म्हाइंभट शास्त्रसंपन्न पंडित होते. सर्वज्ञांना वादात जिंकण्याच्या ईर्षेने ते आले आणि निरुत्तर झाले.

पुढे भटोबासांच्या सन्निधीत त्यांनी इ.स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. एकेका लीळेसाठी ते गावोगाव हिंडले. ज्याने ती पाहिली असेल त्याच्यापुढे, मग तो निरक्षर का असेना, पृच्छक होऊन बसले. वादाला आलेल्या पंडिताला हे ऐकणे पराभवानेच शिकविले, असे म्हणावे लागते.

दीर्घकाळ मार्गात असलेला साधकही वासनिकांपुढे आपले स्खलन सहसा उच्चारीत नाही. अनुशोचन मनातच राहते. म्हाइंभटांच्या तर हातीच लेखणी होती. तरीही आपल्या गर्वहरणाची लीळा त्यांनी वगळली नाही; इतर लीळांच्या ओळीत, तशाच साध्या शब्दांत ती लिहिली.