पन्नास हजारांत आटोपशीर गेमिंग कॉम्प्युटर : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

मुलाची खोली दहा बाय दहाची, टेबल त्याहून लहान आणि मागणी गेमिंग कॉम्प्युटरची. अशा घरासाठी तयार ब्रँडेड यंत्रापेक्षा सुटे भाग घेऊन जोडणी करणं बहुधा परवडतं. मात्र 'लहान' या शब्दाची किंमत आधी समजून घ्यायला हवी.

आकाराचं गणित

सर्वांत छोटा लोकप्रिय मदरबोर्ड म्हणजे मिनी-आयटीएक्स. तो १७ सेंटिमीटर चौरस असतो. त्याच्या वरचा मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४.४ सेंटिमीटर चौरस. फरक जेमतेम सात सेंटिमीटरचा, पण मिनी-आयटीएक्स घेतला की बोर्ड महाग, कॅबिनेट महाग आणि बऱ्याचदा छोट्या आकाराचा एसएमपीएसही (वीज पुरवणारा भाग) वेगळा घ्यावा लागतो. तिन्ही मिळून दहा-पंधरा हजार सहज वाढतात आणि गेम त्यामुळे तसूभरही वेगाने चालत नाही. बजेट मोजकं असेल तर मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि त्याच मापाचं बुटकं कॅबिनेट घ्यावं.

खर्चाचा अंदाज

२०२५ च्या मध्यातले, जीएसटीसह साधारण भाव असे :

- प्रोसेसर, रायझन ५ ५६०० (सोबत पंखा येतो) : ९,५०० रु.
- मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, ए५२० किंवा बी४५० : ५,५०० रु.
- रॅम, डीडीआर४, ८ जीबीच्या दोन पट्ट्या : ३,५०० रु.
- एनव्हीएमई एसएसडी, ५०० जीबी : ३,००० रु.
- ग्राफिक्स कार्ड, आरएक्स ६६००, ८ जीबी : २१,००० रु.
- एसएमपीएस, ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ : ४,००० रु.
- कॅबिनेट : ३,००० रु.

एकूण ४९,५०० रुपये. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि विंडोजचा परवाना यात धरलेला नाही. २०२५ च्या अखेरीस रॅम जगभर कडाडली आणि पाठोपाठ एसएसडीही चढली. त्यामुळे या दोन ओळींसाठी थोडे जास्त पैसे राखून ठेवा आणि ताजं कोटेशन घ्या.

कात्री कुठे चालेल, कुठे नाही

गेमचा वेग मुख्यतः ग्राफिक्स कार्ड ठरवतं, म्हणून बजेटचा चाळीस टक्के वाटा त्याला दिला आहे. फुल एचडी मॉनिटरसाठी हे कार्ड पुरेसं आहे. रंगीत दिवे, काचेचं कॅबिनेट, भारी मदरबोर्ड यांवर बिनधास्त कात्री चालवा. रॅम मात्र १६ जीबीची एकच पट्टी न घेता दोन घ्या. दोन पट्ट्या एकत्र काम करतात, तेव्हा प्रोसेसरला माहिती जास्त वेगाने मिळते.

एसएमपीएसवर काटकसर नको. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणारा बिननावाचा एसएमपीएस बिघडला तर कार्ड आणि बोर्डही सोबत नेऊ शकतो. कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद काचेच्या छोट्या डब्यात कार्ड तापतं आणि तापलं की आपला वेग स्वतःच कमी करतं.

पन्नास हजार एकदम जमत नसतील तर ५६०० ऐवजी रायझन ५ ५६००जी घ्या. त्यात ग्राफिक्स अंगचंच आहे. खर्च तिसेक हजारांवर येतो, व्हॅलरंटसारखे हलके गेम चालतात आणि कार्ड पुढच्या दिवाळीत बसवता येतं. साध्या ५६०० मध्ये ही सोय नाही, कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

दुकानात जाताना

- कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर लांबीचं कार्ड मावतं ते पाहा. एकाच नावाचं कार्ड कंपनीगणिक लहान-मोठं असतं.
- बी४५० बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून मागा, नाहीतर ५६०० वर तो सुरूच होणार नाही.
- मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किमान दोन दुकानांची कोटेशनं घ्या आणि ऑनलाइन भावाशी ताडून पाहा.
- जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवाच. बिलाविना मिळणारी सूट वॉरंटीच्या वेळी अंगाशी येते.
- जुनं कार्ड स्वस्तात मिळालं तरी किती वॉरंटी उरली आहे ते विचारा आणि अर्धा तास गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

थोडक्यात, टेबलावर सात सेंटिमीटर जागा जास्त गेली तरी चालेल, पण ती वाचवण्यासाठी ग्राफिक्स कार्डाचे पैसे खर्चू नका.