सेल्फ खोलण्याआधी

जुन्या पेट्रोल अॅम्बेसेडरचा सेल्फ उठेना की मेकॅनिकचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, सेल्फ गेला." कधी ते खरंही निघतं. पण तेवढं ऐकून सेल्फला पाना लावू देऊ नका. आधी करंटची वाट तपासा, आणि त्यातही परतीची वाट.

माझी गाडी मार्क टू, १४८९ सीसी इंजिनाची. हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्यात १९५८ च्या सुमारास सुरू केलेली अॅम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली. मार्क टूचे सुटे भाग तर त्याच्याही कितीतरी आधीपासून शोधावे लागतात. मोताळ्यात बसून सेल्फचा एखादा तुकडा हवा झाला, तर आधी मलकापूर, मग बुलढाणा, नाहीतर थेट अकोला. म्हणून नको ते खोलणं इथे दुप्पट महागात पडतं.

गाडी रंगवून आणली त्याच उन्हाळ्यात दुखणं सुरू झालं. राजूर घाट चढून बुलढाण्याला पोचायचं, गाडी बंद करायची, आणि परत निघताना सेल्फ नुसता कण्हायचा. दिवे मात्र लख्ख, हॉर्न खणखणीत. आधी बॅटरी नवी घेतली. मग एका इलेक्ट्रिशियनने सेल्फ उतरवला, कार्बन बदलले, आर्मेचर भरून दिलं. थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

उलगडा झाला तो एका सकाळी. पुतण्याला चोक ओढून सेल्फ मारायला बसवलं आणि मी बॉनेट उघडून उभा राहिलो. सेल्फ जड आवाजात फिरायला लागला आणि पत्र्यातून आत जाणाऱ्या चोकच्या केबलमधून धुराची बारीक रेघ निघाली. केबलला हात लावला तर चटका बसला. चोकच्या केबलचा आणि विजेचा एरवी काय संबंध? पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीला त्याचं लोखंड थेट टेकत नाही. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी असते. सेल्फने घेतलेला सगळा करंट तिच्यातूनच बॅटरीकडे परततो. माझ्या गाडीत ती रंगाच्या थरावरच आवळली होती, आणि तिचे निम्मे पदर हिरवे पडून तुटले होते. मग करंटने चोकच्या तारेतून वाट काढली. अशा केबलने आग लागू शकते, हे ध्यानात घ्या. शेजारीच कार्बोरेटर असतो.

दिवे लख्ख म्हणजे वायरिंग ठीक, ही समजूत इथेच फसवते. दोन्ही हेडलाइट मिळून आठ-दहा अँपिअर घेतात. सेल्फ शंभरावर घेतो, पहिल्या झटक्याला त्याहून कितीतरी जास्त. ठिबकच्या नळीने रोप जगतं, नळगंगेच्या कालव्यावरचं शेत तेवढ्यावर भिजत नाही.

म्हणून आधी हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम विझले तर बॅटरीचं टर्मिनल ढिलं आहे. फारच मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा सेल्फ अडकला आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल्फ गप्प, तर करंट तिथवर पोचतच नाही. मग सोलेनॉइड आणि कार्बन बघा. त्यानंतर मीटर घ्या. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना ती साडेनऊच्या खाली गेली तर दोष बहुधा बॅटरीचा. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. माझ्या गाडीत काटा तीनच्या पुढे गेला होता. पॉलिश पेपरने रंग खरवडून नवी पट्टी आवळली, वरून व्हॅसलीन फासलं, आणि दुखणं गेलं.

अडकलेला सेल्फ वेगळा. या जुन्या सेल्फचं बेंडिक्स झटक्याने पुढे उडून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये शिरतं. कधी ते तिथेच रुततं, 'खट्' आवाज येतो आणि दिवे मंदावतात. अशा वेळी चावी दाबत राहू नका, आर्मेचर जळेल. सपाट जागी चावी बंद करून टॉप गिअर टाका आणि गाडी पुढे-मागे हलवा. घाटाच्या उतारावर मात्र हे करू नका. तिथे चाकाला दगड लावा, सेल्फच्या टोकाची पत्र्याची टोपी काढा आणि आतला चौकोनी शाफ्ट पान्याने फिरवा.

सोलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ उठवायची सवय गावोगाव आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर ती समोर उभ्या माणसाच्या अंगावर येते. आधी न्यूट्रल स्वतः हलवून बघा, दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. हँडल मारायची वेळ आली तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा आणि हँडल वर ओढा, खाली दाबू नका. उलटा झटका बसला तर मनगट वाचतं.

बेंडिक्सला तेल घालू नका. क्लचची धूळ त्यावर चिकटते आणि ते अडकायला लागतं. रॉकेलने धुवा, कोरडं करा, तसंच बसवा. तरीही पुन:पुन्हा अडकत असेल तर आधी सेल्फचे बोल्ट घट्ट आहेत का पाहा, मग रिंगचे दात. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागी थांबतं, त्यामुळे दात तिथेच झिजतात. नवी रिंग मिळाली नाही तर कसबी लेथवाला जुनीच तापवून उतरवतो आणि पाव फेरा फिरवून बसवतो. त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. तो उतरलाच आहे तर त्याच मजुरीत क्लचप्लेटही बघून घ्या.