गिटारचा ॲम्प्लिफायर व ओमचा हिशेब

गेल्या स्नेहसंमेलनाच्या रंगीत तालमीच्या वेळीं आमच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या गिटारच्या ॲम्प्लिफायरला दुसरी स्पीकरची पेटी जोडली. आवाज क्षणभर वाढला. मग जळका वास सुटला व सर्व शांत झालें. दुरुस्तीचा खर्च वडिलांस सोसावा लागला. मुलाचा तर्क असा कीं, दुसरा बैल जुंपल्यानें गाडी हलकी जाते, तसेंच येथेंही होईल. हा तर्क कोठें चुकला, हें पालकांनींही पाहण्यासारखें आहे.

स्पीकरच्या मागें ‘८ ओम’ असें लिहिलेलें असतें. ध्वनीच्या उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहास स्पीकर जो एकूण विरोध करतो, त्यास इम्पीडन्स म्हणतात. ८ ओम हा त्याचा ठोकळ आंकडा होय. (मापकयंत्र लावल्यास सुमारें ६ ओमच दिसतात; तेवढ्यावरून स्पीकर बिघडला असें समजूं नये.) दोन पेट्या समांतर जोडणें म्हणजे सभागृहास दुसरें दार उघडणें, गर्दी दुप्पट वेगानें बाहेर पडते. तेव्हां ८ व ८ मिळून १६ नव्हे, ४ ओम होतात. २० व्होल्टला ८ ओममधून २.५ ॲम्पिअर प्रवाह वाहतो, ४ ओममधून ५. ट्रान्झिस्टर जळाले ते यामुळें. पेट्या एकीमागून एक, माळेसारख्या जोडल्या असत्या, तर १६ ओम होऊन आवाज कांहींसा मंदावला असता, इतकेंच.

काचेच्या व्हॉल्व्हांच्या ॲम्प्लिफायरची गोष्ट निराळी. व्हॉल्व्हांस हजारों ओमचा भार हवा असतो; स्पीकर तर ८ ओमचा. मध्यें ट्रान्स्फॉर्मर मध्यस्थी करतो. त्याच्या वेढ्यांचें प्रमाण २० : १ असेल, तर इम्पीडन्सचें त्याच्या वर्गाइतकें, म्हणजे ४०० : १; ८ ओमचा स्पीकर व्हॉल्व्हांस ३,२०० ओमचा भासतो. म्हणून पुष्कळ यंत्रांच्या मागें ४, ८, १६ अशा खुणा असतात. पेट्यांचा हिशेब जो येईल, त्याच खुणेवर जोडावें. अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या ट्विन रिव्हर्ब या यंत्रांत ८ ओमचे दोन स्पीकर समांतर असतात व तें ४ ओमसाठींच बांधलेलें असतें. व्हॉल्व्हचें यंत्र स्पीकर न जोडतां वाजविणें मात्र सर्वांत घातक. ट्रान्स्फॉर्मरमध्यें व्होल्टेज भलतेंच चढून आंतील आवरण फुटूं शकतें. ट्रान्झिस्टरच्या यंत्रास ही चूक बहुधा पचते.

कमींत कमी किती ओम चालतील, तें सहसा यंत्राच्या मागील पट्टीवर छापलेलें असतें. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या यंत्रावरही होतें. यंत्राची पाठ भिंतीकडे असल्यामुळें तें कोणीं वाचलें नाहीं.