अण्णांची पावलं कुठे गेली?

सांगलीहून मैसूरला येऊन मला सव्वीस वर्षं झाली. रोज चालायची सवय इथेच लागली. सरस्वतीपुरममधल्या आमच्या घरापासून कुक्करहळ्ळी केरे जवळ, पहाटे तळ्याकाठची झाडं पक्ष्यांनी भरलेली असतात, आणि चालणाऱ्यांची रोजची ओळख नमस्कारावरच वाढत जाते. गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि नातवाने हौसेनं पावलं मोजणारा, मनगटावर बांधायचा पट्टा आणून दिला. त्या पट्ट्यापायी घरात जे झालं, त्यातून मला उमगलेल्या या गोष्टी.

१. हे यंत्र पावलं मोजतच नाही, ही पहिली गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली. त्याला पाऊल दिसत नाही, जमीन कळत नाही. त्याच्या पोटात नखापेक्षा लहान चकती असते, तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म भाग हलता ठेवलेला असतो. आपण हललो की तो सरकतो आणि तिन्ही दिशांचे हिसके नोंदले जातात. त्या हिसक्यांची लाट ठरावीक उंचीची असेल, ठरावीक लयीत येत असेल, तर यंत्र म्हणतं, हे पाऊल असावं. लाट किती उंच हवी, लय किती सारखी हवी, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते आणि सहसा बाहेर सांगत नाही. बऱ्याच यंत्रांत सलग काही पावलं एका लयीत पडल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही, कारण नाहीतर नुसती कूस बदलली तरी पाऊल धरलं जाईल. म्हणजे समोर दिसतो तो आकडा हा एक अंदाज असतो. मी मात्र तो गाडीच्या मीटरसारखा वाचत होते.

२. यंत्र शरीरावर कुठे आहे, यावर निम्मा हिशेब ठरतो. हे मी स्वतःवर करून पाहिलं. तळ्याकाठी तोंडाने मोजत हजार पावलं चालले. मनगटावरच्या घड्याळात ९७८ आली, खिशातल्या फोनमध्ये १,०१२. इथवर ठीक. त्याच दिवशी देवराज मार्केटमध्ये गेले. तिथे कुणी सरळ चालत नाही. केळ्यांच्या घडाजवळ थांबायचं, मैसूर मल्लिगेचा गजरा घ्यायचा, दोन पावलं पुढे, कुंकवाच्या ढिगाशी पुन्हा थांबायचं. घड्याळ घातलेल्या हातात भाजीची जड पिशवी, त्यामुळे तो हात हलतच नव्हता. पाऊण तास पाय दुखेपर्यंत फिरले, त्यातलं निम्मंही घड्याळाला कळलं नाही. आणि घरी येऊन पोळ्या लाटल्या, तर लाटण्याच्या लयीची पावलं मात्र जमा झाली होती!

३. एकाच फोनमधली दोन ॲप वेगवेगळे आकडे सांगतात, तेव्हा त्यांतलं एक खोटं असतंच असं नाही. एक ॲप फोनच्या स्वतःच्या मोजणी-यंत्रणेकडून आयता आकडा घेतं. दुसरं हिसक्यांचा हिशेब आपला आपण मांडतं, आणि बॅटरी वाचवायला फोनने त्याला झोपवलं की तेवढ्या वेळचं चालणं त्याच्या वहीत येत नाही. तिसरं ॲप घड्याळ आणि फोन दोन्हीकडून आकडे घेतं, दोन्हींत एकच चालणं दोनदा धरलं जाऊ नये म्हणून वेळा जुळवतं, कधी घड्याळाला मान देतं तर कधी फोनला. शिवाय ॲण्ड्रॉइड फोनमधली मूळ मोजणी फोन शेवटचा सुरू केला तेव्हापासूनची एकूण बेरीज असते. त्यातून आजची पावलं वजा करून काढायचं काम ॲपचं. इतक्या हातांतून गेलेला आकडा जुळला नाही याचं मला आता नवल वाटत नाही, कधी जुळला तर वाटतं.

४. आता अण्णांबद्दल. हे लिहिणं सोपं नाही.

शस्त्रक्रियेनंतर ते वॉकर धरून चालायचे. फाटकापासून मागच्या धुण्याच्या दगडापर्यंत आणि परत, ही त्यांची एक फेरी. संध्याकाळी मी पट्टा बघायचे. एके दिवशी आकडा होता १९०. मी म्हणाले, "अण्णा, आज तुम्ही चाललाच नाहीत." ते म्हणाले, "अगं, वीस फेऱ्या झाल्या की." मी पट्टा त्यांच्यापुढे धरला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही असंच. तीन आठवडे मी त्या माणसाला रोज संध्याकाळी आकडा दाखवत होते. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, आणि मला वाटत होतं ते फेऱ्या मोजायला चुकतायत. माझ्या मनात त्याहून वाईटही येऊन गेलं, की आजारपणात माणसं थोडं खोटं बोलतात.

मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दोन्ही हात वॉकरच्या दांड्यांवर घट्ट, मनगट जराही हलत नव्हतं. पाय उचलला जात नव्हता, सरकत होता. प्रत्येक पावलामागे एक श्वास. मी मनात मोजायला लागले. एका फेरीला बासष्ट पावलं. वीस फेऱ्यांची बाराशे चाळीस. त्या बाराशे चाळीस पावलांमागे त्यांनी किती बळ खर्च केलं होतं, ते मला त्या खिडकीत दिसलं. पट्ट्याला ते दिसण्याची सोयच नव्हती. हात झुलतो, चाल वेगात असते, असं धरून केलेलं यंत्र होतं ते. सावकाश चालणाऱ्याची पावलं अशा यंत्रांकडून निसटतात, ही माहीत असलेली उणीव आहे. मलाच ती माहीत नव्हती.

त्या दिवशी मी अण्णांची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं, माझंच मोजणं चुकतंय." हे वाक्य मला अजून बोचतं.

५. पट्टा मनगटावरच बांधला पाहिजे असं कुठे आहे? आम्ही तो अण्णांच्या पायमोज्यात, घोट्यापाशी अडकवला. त्या दिवशी वीस फेऱ्यांची १,१८० पावलं आली. नातवाला इतका आनंद झाला की त्याने शेजारच्या घरी जाऊन सांगितलं.

६. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या वैद्याने काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ साली, यामासा नावाच्या जपानी घड्याळ कंपनीने कमरेला लावायचं एक यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि पुढे तेच जगभराचं उद्दिष्ट झालं. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, सरासरी वय बहात्तर. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. हे वाचल्यावर मी अण्णांसमोर दहा हजारांचं नाव काढणं बंद केलं.

७. पावलं मोजण्याचं सगळ्यात निष्ठेचं काम माळेवर झालं आहे. कुमाऊँमधल्या मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंह रावत १८६५ साली वेश बदलून ल्हासाच्या वाटेला लागले. सर्वेक्षण खात्याने त्यांच्याकडून सारख्या लांबीचं पाऊल टाकण्याचा सराव करून घेतला होता, चढ असो वा उतार. हातात जपमाळ, पण तिच्यात एकशे आठऐवजी शंभर मणी. शंभर पावलांना एक मणी. म्हणजे एक माळ पूर्ण झाली की दहा हजार पावलं! ज्या त्रिकोणमितीय मोजणीच्या परंपरेतलं हे काम, तिची कल्पना विल्यम लॅम्ब्टनने मांडली ती १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या युद्धानंतर. श्रीरंगपट्टण आमच्या घरापासून तासाभरात जाऊन येण्यासारखं. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चिंचोके आहेत का घरात?"

तेव्हापासून फाटकाजवळच्या कट्ट्यावर दोन वाट्या असतात. एक फेरी झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. त्यांची आई पिंपळाच्या प्रदक्षिणा अशाच मोजायची म्हणे.

८. चामुंडी बेट्टाच्या, म्हणजे चामुंडी टेकडीच्या, पायऱ्या सतराव्या शतकात दोड्ड देवराज ओडेयरांनी बांधल्या. हजार म्हणतात, कुणी एक हजार आठ सांगतं. दगडात पक्क्या बसवलेल्या गोष्टीचाही सगळ्यांचा आकडा एक नाही. मी चढले तेव्हा घड्याळात १,३९० पावलं आली आणि फोनमध्ये १,३१०, कारण रुंद पायरीवर एकाची दोन-तीन पावलं होतात. वाटेत एक बाई प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत चढत होती. वाकायचं, बोट टेकायचं, एक पायरी वर जायचं, पुन्हा वाकायचं. तिच्या हातात घड्याळ असतं, तर त्या लयीतलं एकही पाऊल बहुधा त्यात आलं नसतं. वाटेतल्या नंदीपाशी मी तिला विचारलं, "किती झाल्या?" तिने क्षणभरही न थांबता आकडा सांगितला.

९. आता मी एकच यंत्र वापरते आणि त्याची तुलना त्याच्याच कालच्या आकड्याशी करते. दोन यंत्रांची भांडणं लावत नाही.

तुमच्या घरात काठी किंवा वॉकर घेऊन चालणारं कुणी असेल, तर मनगटावरचा आकडा वाचण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर चाला आणि पावलं तुम्ही मोजा. पट्टा घोट्याला बांधून बघा. आणि ते म्हणाले "चाललो", तर आधी त्यांच्यावर विश्वास ठेवा.