संगणक क्रम कसा लावतो, आणि त्या क्रमाची परीक्षा कशी घ्यावी



शाळेची दाखल-खारिज पंजी संगणकावर घ्यावी असा विचार सध्या मंडळापुढे आहे. इकडे वर्ग ११ वी व १२ वीत संगणक विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांना डेटाबेस शिकावाच लागतो. म्हणून ह्या अंकातील पाठ आम्ही अशा विषयावर घेतला आहे की जो दोघांच्याही कामाचा आहे : संगणक नावांचा क्रम लावतो तेव्हा तो क्रम खरा आहे हे कशावरून मानायचे?

क्रम लावण्याचे महत्त्व पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. संत्र्याची छाटणी करताना लहान-मोठे फळ वेगळे केले नाही तर भाव मिळत नाही. पण संत्रे टोपलीतून पडले तर डोळ्यांना दिसते. यादीतून नाव पडले तर दिसत नाही, कारण उरलेली यादी अगदी नीटनेटकीच असते. शिष्यवृत्तीच्या वेळी मुलाचे नाव शोधले आणि संगणकाने "नोंद नाही" म्हटले, तर खिडकीपाशी उभा असलेला पालक काय करणार? नोंद आत असते, पण शोधणारा ज्या यादीवर बोट फिरवतो त्या यादीतच ती नसते.

ह्या यादीला डेटाबेसमध्ये इंडेक्स म्हणतात. पुस्तकाच्या मागे विषयसूची असते तशीच ती क्रमाने लावलेली असते. क्रम असल्यामुळेच लाखो नोंदींतून एक नाव क्षणात सापडते. म्हणून इंडेक्स तयार करणे म्हणजे मुख्यतः क्रम लावणे.

समजा, प्रवेशाचे ४०० फॉर्म नावाप्रमाणे लावायचे आहेत. एका शिक्षकाला दुपार लागेल. चार शिक्षकांना शंभर-शंभर फॉर्म दिले तर प्रत्येक जण आपला गठ्ठा लवकर लावून टाकेल. मग चारही गठ्ठे समोर ठेवायचे, वरचे चार फॉर्म पाहायचे, जे नाव सर्वांत आधी येते ते उचलायचे, पुन्हा वरचे चार पाहायचे. ही विलीनीकरणाची रीत संगणकासाठी जॉन फॉन नॉयमन ह्या गणितज्ञाने १९४५ मध्ये लिहून ठेवली होती. एकाच प्रोग्रॅममध्ये चार शिक्षकांसारखी एकाच वेळी चालणारी जी कामे, त्यांना थ्रेड म्हणजे धागे म्हणतात. चार धागे लावले म्हणून काम चौपट लवकर होते असे मात्र नाही. शेवटचे विलीनीकरण एकाच्या हाती येते आणि बाकीचे तिघे बसून राहतात. घरचे लग्न ज्यांनी पार पाडले आहे त्यांना हे ठाऊक आहे!

क्रम लावण्याच्या वेगाची तर स्पर्धाच होत आली आहे. १९८५ मध्ये जिम ग्रे ह्या संशोधकाने सहकाऱ्यांसह एक कसोटी ठरविली. प्रत्येकी १०० बाइटच्या १० लाख नोंदी, त्या किती वेळात लागतात ते पाहायचे. आमच्या मते शाळेला वेगाची चिंता नाही. आपल्याला चिंता खरेपणाची आहे.

एकापेक्षा जास्त हात लागले की चूक कोठून शिरते ते पाहा. कार्यालयात जावक क्रमांकाची एकच वही आहे. एक बाबू वही पाहतो : शेवटचा क्रमांक ५७. तो ५८ लिहिणार तोच दुसऱ्यानेही वही पाहिली : ५७. दोघेही आपापल्या पत्रावर ५८ घालतात. दोघांपैकी कोणीही हिशेब चुकला नाही, तरी एका क्रमांकाची दोन पत्रे गेली. ह्याला इंग्रजीत रेस कंडिशन म्हणजे शर्यतीची स्थिती म्हणतात. ही चूक रोज घडत नाही. दोघांची नजर त्याच क्षणी वहीवर पडली तरच घडते. म्हणून साध्या तपासणीत प्रोग्रॅम पास होतो, आणि गर्दीच्या दिवशी नापास होतो.

अशा चुका पकडण्यासाठी ताण-चाचणी असते. प्रोग्रॅमला मुद्दाम अडचणीत टाकायचे. संगणकाचे कोअर चार असतील तर धागे आठ लावायचे. मेमरी इतकी कमी द्यायची की गठ्ठे हार्ड डिस्कवर उतरवावे लागतील. कधी आधीच क्रमात असलेल्या नोंदी द्यायच्या, कधी उलट्या क्रमाच्या, कधी सगळ्या एकसारख्या, काही दोन अक्षरांच्या तर काही पानभर लांब. आणि हेच हजारो वेळा करायचे, कारण धाग्यांची गाठ कधी पडेल ते सांगता येत नाही. तीच माहिती पुन्हा दिली तरी तीच चूक पुन्हा दिसेल असेही नसते. शोधणाऱ्याला सर्वांत जास्त छळते ते हेच.

पण चाचणी घेऊन उत्तर तपासायचे कसे? इथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबून विचार करावा. "प्रत्येक नोंद मागच्या नोंदीपेक्षा मोठी किंवा तेवढीच आहे" एवढे पाहणे पुरे नाही. १ ते २० ह्या चिठ्ठ्यांतून ७ हरवली तरी उरलेल्या क्रमातच राहतील. बरे, संख्या मोजली. पण ७ हरवून १२ दोनदा आली तर संख्या २०च भरेल आणि क्रमही बरोबर दिसेल. मग बेरीज करा. खरी बेरीज २१० आहे, इथे २१५ येईल, चोरी उघडी पडेल. आता आणखी पुढे जाऊ. ७ आणि १२ दोन्ही हरवल्या, ९ आणि १० दोनदा आल्या. क्रम बरोबर, संख्या २०, बेरीजही २१०! आता वर्गांची बेरीज करा. ती २८७० यावयास हवी, येते २८५८. गणिताचा उपयोग काय असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे.

दुसरी रीत सोपी आहे. तेच काम एका धाग्याने करून घ्यायचे आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहायची. फक्त एकाच नावाच्या दोन मुली असतील तर त्या दोन्ही उत्तरांत मागेपुढे होऊ शकतात, म्हणून नावाबरोबर दाखल क्रमांकही क्रमात धरावा.

आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये एसक्यूलाइट नावाचे डेटाबेस इंजिन असते. रिचर्ड हिप ह्यांनी ते २००० मध्ये सुरू केले. क्रम लावताना मदतनीस धागे वापरण्याची सोय त्यात ऑक्टोबर २०१४ च्या ३.८.७ ह्या आवृत्तीत आली, आणि ती मुळात बंदच ठेवलेली असते. ज्याला हवी त्याने सुरू करावी. ह्या इंजिनाच्या मूळ प्रोग्रॅमपेक्षा त्याच्या चाचण्यांचा मजकूर सुमारे ५९० पट आहे, असा २०२३ चा हिशेब आहे.

आता एक खरी घडलेली गोष्ट. पोस्टग्रेस हे जगभर वापरले जाणारे डेटाबेस इंजिन. त्यात पवन देवलसी ह्या भारतीय अभियंत्याने हॉट नावाची सुधारणा केली. ती २००८ च्या ८.३ आवृत्तीत आली. नोंद बदलली, पण इंडेक्समध्ये असलेला कोणताच रकाना बदलला नसेल, तर इंडेक्सला हात लावायचा नाही, अशी ती युक्ती. पुढे त्यांनी वॉर्म नावाची नवी सुधारणा लिहिली आणि २०१७ च्या सुरुवातीला तिची ताण-चाचणी घेत असताना माहिती जुळेना. त्यांना वाटले, दोष आपल्याच नव्या कामात आहे. पुष्कळ शोध घेतल्यावर कळले की दोष मूळ इंजिनात आहे, आणि २०१२ च्या ९.२ आवृत्तीपर्यंत मागे तपासले तरी तो सापडतो!

दोष असा होता. लोकांचे काम चालू ठेवून नवीन इंडेक्स बनविता येतो. त्याच वेळी नोंद बदलणाऱ्या दुसऱ्या कामाच्या हातात "कोणते रकाने इंडेक्समध्ये आहेत" ह्याची जुनी यादी राहून जाऊ शके. त्यात नव्या इंडेक्सचा रकाना नसे. म्हणून बदल इंडेक्सपर्यंत पोहोचतच नसे. वर्षानुवर्षे असंख्य लोकांनी ते इंजिन वापरले होते, आणि शर्यतीचा तो क्षण कोणाच्या लक्षात आला नव्हता. ९ फेब्रुवारी २०१७ रोजी दुरुस्त आवृत्त्या निघाल्या आणि शंका असेल त्यांनी इंडेक्स पुन्हा बनवावेत असे सांगण्यात आले. वॉर्म ही सुधारणा पोस्टग्रेसमध्ये शेवटी घेतली गेली नाही. तिच्या चाचणीचा लाभ मात्र सर्वांना झाला. पुढे २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत अनेक कामगार मिळून इंडेक्स बनविण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आली.

आपल्या भागापुरती आणखी एक अडचण आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदी शब्दकोशात "क्षमा" हा शब्द "क" मध्ये पाहण्याची आम्हाला सवय. मराठी वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी, ह आणि ळ नंतर येतात. युनिकोडच्या क्रमांकात तर ळ हा ल च्या लगेच पुढे बसलेला आहे. म्हणजे क्षीरसागरांची मुलगी यादीत वर की खाली, हे आधी ठरवावे लागेल. दोन धाग्यांनी दोन नियम पाळले तर विलीनीकरणात सगळा घोळ होईल. आमचे मत असे की शासकीय कागद हिंदीत जातात, तेव्हा पंजीला हिंदी क्रम ठेवावा. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी जरूर कळवावे.

मंडळाला आमची विनंती एवढीच आहे की विकणाऱ्याने एका संगणकावर दहा नावे घालून दाखविली म्हणजे खरेदी ठरवू नये. चार संगणकांवर चार जणांना एकाच वेळी बसवावे. जुन्या पंजीतील नोंदी भराव्यात, त्याच वेळी काही बदलाव्यात, मध्येच एकदा वीज बंद करावी, आणि शेवटी संख्या व दाखल क्रमांकांची बेरीज मूळ पंजीशी जुळवावी. ती जुळेपर्यंत, आणि त्यानंतरचे एक पूर्ण सत्र, कागदी पंजी चालू राहावी. हे काम वाढवणारे आहे हे आम्ही जाणतो.

वर्ग ९ वी ते १२ वीच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या शनिवारी चौघाचौघांचे गट करावेत. प्रत्येक गटाने १ ते २०० अंकांच्या चिठ्ठ्या कराव्यात, त्या मिसळून वाटून घ्याव्यात, लावून एकत्र कराव्यात. पाचव्या मुलाने गुपचूप दोन चिठ्ठ्या काढून त्याऐवजी दुसऱ्या दोन अंकांच्या जादा चिठ्ठ्या घालाव्यात. गठ्ठा एकेक चिठ्ठी न वाचता, फक्त बेरजांवरून गडबड ओळखायची आहे. वर्गांची बेरीज करण्यास कॅल्क्युलेटर चालेल. चिठ्ठ्यांसाठी जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पाने कार्यालयातून मिळतील.