सूर कोणाचे, हे आधी विचार

चि. सईस,


जगभरच्या संगीताचा मानवशास्त्राच्या अंगाने अभ्यास करायचं तू ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. तुझा कान तयार आहे. पण तयार कानाला निवाड्याची घाई असते. नवं गाणं ऐकलं की स्वर मोजायचे आणि ‘हे सोपं, ते अवघड’ म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय आवर.

संगीताचे मानवशास्त्रज्ञ जॉन ब्लॅकिंग यांचं काम सावकाश वाच. १९५६ ते १९५८ या काळात ते दक्षिण आफ्रिकेतल्या व्हेंडा लोकांत राहिले. तिथल्या मुलांची गाणी कागदावर साधी दिसतात. मुलं सोप्याकडून अवघडाकडे जात असतील, असं कुणालाही वाटेल. ब्लॅकिंग यांनी दाखवलं, की त्यातल्या कित्येक चालींचं मूळ ‘त्शिकोना’ या व्हेंडांच्या सर्वांत मानाच्या सामूहिक वादन-नृत्यात आहे. त्यात पुरुष वेळूचे पावे वाजवतात, बायका-मुली ढोल. एका पाव्यातून एकच सूर निघतो. कितीतरी जण नाचता नाचता आपापली पाळी साधतात, तेव्हा चाल उभी राहते. एकट्याला ती वाजवताच येत नाही. मुलं हे लहानपणापासून ऐकतात. त्यांच्या गाण्यांतले स्वर तेच का, हे त्या जमावाकडे पाहिल्यावरच कळतं.

म्हणून कोण गातं, कोणासोबत, कोणत्या प्रसंगी आणि कोणाला गायची मुभा नाही, हे आधी विचार. आपल्याकडचंच बघ. संशोधक हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. नुसत्या चाली ऐकल्यास तर त्या एकसारख्या वाटतील. दळणारीचं माहेर, सासर, लेकीची काळजी समजून घेतलीस, तर एकेक ओवी वेगळी ऐकू येईल.

जिथे जाशील तिथे आधी शिष्य हो. त्यांच्यात बसून गा, वाजव, चुकलीस तर त्यांच्याकडून सुधारून घे. ते कुठे थांबवतात, यावरून त्यांचे न लिहिलेले नियम कळतात. परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करू नकोस आणि केलेल्याची प्रत गावाला दे. ते धन त्यांचं आहे.

व्हेंडा लोक प्रत्येक माणसाला संगीत येणारच, असं धरून चालतात. तूही तसंच धरून चाल. मग कोणाचंही गाणं तुला मागासलेलं वाटणार नाही आणि प्रश्न विचारताना तुझा आवाज आपोआप नम्र राहील.

तुझी,
मावशी